सोजराबाई बिछायत केंद्र

करुणानं वसमतच्या शाळेतली नोकरी सोडून मंडप-भांड्यांचा धंदा काहून धरला, याबद्दल गावात ज्याचं त्याचं वेगळं म्हणणं होतं. कुणी म्हणे सरकारी योजना मिळाली, कुणी म्हणे शाळेनंच काढलं. खरं कारण तिच्या धाकट्या बहिणीच्या, आकांक्षाच्या लग्नात घडलं होतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी ती वडलांबरोबर संतराम मंडपवाल्याकडं गेली. सांगून ठेवलेलं असूनही भांडी दुसरीकडं गेली, असं तो म्हणाला. पातेली तर त्याच्या मागंच रचून ठेवलेली होती. करुणाची नजर तिकडं गेल्यावर तो हळूच बोलला, "बुद्धवाड्यात दिलेली भांडी मग गावात कुणी घेत न्हाई. माझा धंदा हाय."

वडील, नरसिंग, मागं फिरले. दुसऱ्या दिवशी घरोघरच्या लहान पातेल्यांत भात शिजत राहिला आणि वऱ्हाड रिकाम्या पत्रावळीसमोर ताटकळलं. नरसिंग एकेका सोयऱ्यापुढं हात जोडत फिरत होते. ते करुणाला बघवलं नाही.

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या आणि तिनं राजीनामा दिला. नरसिंग भडकले. शिकलेल्या लेकीनं खरकटी भांडी मोजायची का, शिवाय आपल्याला धंदा करू कोण देणार, असं त्यांचं म्हणणं.

"करू देता का, असं इचारायला मी आता कुणाच्या दारात जाणार न्हाई," करुणा म्हणाली.

तिनं नांदेडहून पातेली, पराती, सतरंज्या आणल्या आणि प्रत्येक भांड्यावर आईचं, सोजराबाईंचं, नाव घालून घेतलं. वर्षभर आसपासच्या वस्त्यांतली लग्नं, जयंत्या तिच्याच भांड्यांवर झाल्या.

पुढच्या लग्नसराईत एकाच तिथीला गावात दोन लग्नं आली. संतरामची भांडी पुरेनात. संध्याकाळी तो स्वतः तिच्या ओट्यावर येऊन बसला. ज्ञानबाच्या पोरीच्या लग्नाला भांडी पाहिजेत, भाडं दुप्पट देतो म्हणाला. फक्त नाव तेवढं घासून काढायचं.

आत सोजराबाई चहा गाळताना थांबल्या.

"नावासकटच न्यावी लागतील," करुणा म्हणाली. "अन् भाडं सगळ्यांना एकच. दुप्पट नको मला."

"हट्टापायी गिऱ्हाईक घालवून राहिली तू, पोरी."

"घालवते."

तो चहा न घेता उठला. सोजराबाई रात्री तिच्याशी धड बोलल्या नाहीत.

सकाळी ट्रॅक्टर घेऊन ज्ञानबाची बायको सत्यभामाबाई आल्या, सोबत पोरगा भारत. त्यांनी एक पातेलं उचलून नाव बोटानं चाचपलं.

"संतरामनं समदं सांगितलं," त्या म्हणाल्या. "आमाला भात शिजवायचाय. चढव रे भारत."

त्या लग्नात भावकीतले काही म्हातारे भांडी पाहून न जेवताच उठून गेले. ज्ञानबा त्यांच्यामागं दोन पावलं गेला. सत्यभामाबाईंनी त्याला हाक मारून परत वाढायला लावलं. बाकीच्या पंगती दुपार टळेपर्यंत चालल्या.

भांडी आणायला नरसिंग स्वतः ट्रॅक्टरवर बसून गेले. मागल्या गल्लीनं जाऊ का, असं भारतनं विचारलं. त्यांनी त्याला मारुतीच्या पारावरून, भर चौकातून ट्रॅक्टर घ्यायला लावला.