पुठ्ठ्याची बाग

मॉडेलकाकांचा जन्म पुठ्ठा कापण्यात गेला. आर्किटेक्टच्या ऑफिसात बसून त्यांनी अजून बांधलेल्याच नाहीत अशा इमारती टेबलावर उभ्या केल्या, त्यांच्यापुढे स्पंजची झाडं लावली, दारात नखाएवढ्या मोटारी ठेवल्या. म्हणून गल्लीतली पोरं त्यांना मॉडेलकाका म्हणायची. त्यांची बायको, म्हणजे काकू, मनातल्या मनात आणखी बरंच काही म्हणायची. रिटायर झाल्यावर तरी हा माणूस कात्री खाली ठेवील, अशी तिची भाबडी समजूत होती. कसलं काय.

लेकीनं फोनवर सहज सुचवलं, "बाबा, मागच्या अंगणात सेंद्रिय भाजीपाला लावा ना. नीट आखून, वर्षानुवर्षं टिकेल असा." झालं. काकांच्या अंगात संचारलं. ऊन कुठल्या भिंतीवर किती वेळ थांबतं, छपरावरचं पाणी टाकीत कसं वळवायचं, खताचा खड्डा स्वयंपाकघरापासून किती लांब हवा, कुठल्या वाफ्यात यंदा टोमॅटो आणि पुढच्या वर्षी पालेभाजी, सगळं कागदावर आलं. आणि कागदावरच राहिलं.

काकूला त्या अंगणाकडून एकच गोष्ट हवी होती. तिच्या आईच्या परसात घेवड्याचा एक वेल होता, पांढऱ्या दाण्यांवर जांभळे शिंतोडे असलेला. तसला घेवडा तिनं बाजारात कधी पाहिला नव्हता. आई दरवर्षी बी धरायची आणि पुन्हा लावायची. गेल्या वर्षी आई गेली, भावानं घर विकलं, घेणाऱ्यानं परसात फरशी घालून टाकली. उरलं ते काकूजवळ औषधाच्या बाटलीत मूठभर बी.

"अहो, हे तेवढं आत्ता टोचते भिंतीशी," ती म्हणाली होती. "जास्त दिवस ठेवलं की उगवत नाही."

"अगं, आधी आराखडा होऊ दे. तिथं टाकी येणार आहे. मग उपटावं लागेल."

"दुसरीकडे टोचते."

"दुसरीकडे खड्डा येणार आहे."

खड्डाही येईना आणि टाकीही येईना. शेवटी तिनं ती बाटली काकांच्या कामाच्या टेबलावर, अगदी नाकासमोर नेऊन ठेवली. "रोज दिसेल तुम्हाला. आधी ह्याची जागा ठरवा," म्हणाली. आपण मोठा शहाणपणा केला, असं तिला वाटलं. चार दिवस निवांत झोपलीही.

एका रविवारी लेक घरी आली होती, तर काकांनी शेजारच्या नर्सबाईंनाही चहाला बोलावलं. टेबलावर काहीतरी चादरीखाली झाकून ठेवलेलं होतं. काकांनी चादर ओढली आणि आतून अख्खं अंगण निघालं. हिरव्या भुशाचे वाफे, झाकणाची टाकी, तारेचा मांडव, मांडवाखाली खुर्चीत बसलेली इवलीशी बाई.

"ही तू," काका म्हणाले.

काकू चक्क लाजली. खोटं कशाला सांगा, घटकाभर तिला नवऱ्याचं कौतुकच वाटलं.

"आणि हे दगड काय सुरेख आहेत हो," नर्सबाई वाकून म्हणाल्या. "वाटेच्या कडेचे. अगदी खरे वाटतात."

काका खुलले. "असे विकत मिळत नाहीत. कधीचा शोधत होतो, तर माझ्याच टेबलावर सापडले. वॉर्निशचे दोन हात दिलेत. वीस वर्षं काही व्हायचं नाही त्यांना."

पांढरे दगड. त्यांवर जांभळे शिंतोडे.

काकूनं कप खाली ठेवला. "बाटलीतले सगळे घेतले?"

"सगळे लागले. वाट लांब आहे ना." मग त्यांचं लक्ष तिच्या चेहऱ्याकडे गेलं. "अगं, घेवडाच ना? बाजारातून आणू की. हवा तेवढा आणू."

"बाबा," लेक म्हणाली. नर्सबाईंना एकाएकी ड्यूटीची आठवण झाली.

काकू भांडली नाही. भांडली असती तर काकांना सोपं गेलं असतं, त्याची सवय होती. तिनं कात्रीच्या टोकानं एकेक दाणा उचकटला, नखानं वॉर्निश खरवडलं, रात्रभर पाण्यात भिजत घातलं आणि टाकी येणार होती तिथंच सगळे टोचले. दुसऱ्या दिवसापासून काकाच सकाळी मगानं पाणी घालायला लागले. गुडघे धरून खाली वाकायचे, माती न्याहाळायचे, आत येऊन म्हणायचे, "आज काहीतरी वर आल्यासारखं वाटतंय." तिला त्यांची कीव यायची, आणि कीव येते म्हणून आणखी संताप यायचा. आईचं शेवटचं काही ह्या माणसानं शोभेसाठी वापरलं, आणि आता त्याच्यावर धड रागवताही येत नाही.

बाजारातली मेथी उगवून कापून झाली असती, एवढे दिवस गेले. मग काकूनं बोटानं माती उकरली. दाणे कुजून त्यांचा लगदा झाला होता. एक मात्र जसाच्या तसा निघाला, चकचकीत. त्याच्यावर तिचं नख चाललं नव्हतं. हातात कला आहे माणसाच्या, नाही म्हणता यायचं नाही.

तिनं तो पुसला आणि आत आली. "डिंक कुठंय?"

काकांनी बाटली पुढं सरकवली. पुठ्ठ्याच्या मांडवाखाली, खुर्चीतल्या बाईच्या पायाशी, तिनं तो दाणा चिकटवला आणि अंगठ्यानं नीट दाबून धरला.

काकांनी डिंकाच्या बाटलीचं झाकण लावलं. मग म्हणाले, "मी उद्याच टाकीवाल्याला फोन करतो."

"करा सावकाश," ती म्हणाली. "आता कसली घाई आहे?"