तेवीस नंबरचा दरवाजा आणि दोन्कामावशीची मान

मी तेवीस नंबरचा दरवाजा बोलतोय. संगणकवाले मला पोर्ट म्हणतात. प्लॉवडिव्ह शहरातल्या एका बेकरीच्या सर्व्हरवर मी वीस वर्षं राबलो. दोन्कामावशी रोज सकाळी माझ्यातूनच आत यायची, पासवर्ड सांगायची आणि भट्ट्यांचं तापमान ठरवायची.

मग शेजारी बावीस नंबर उघडला. काम माझंच, पण त्याचं सगळं बोलणं कुलूपबंद. मी मावशीचा पासवर्ड तारेवरून उघडउघड धाडायचो, वाटेत कुणीही ऐकावा. मावशी हळूहळू त्याच्याकडे जाऊ लागली आणि माझा नुसता जळफळाट व्हायचा. एवढं काय सोनं लागलंय त्याला? सवयीने ती कधी माझ्याकडे आली, की मी दिवसभर बावीसला टोमणे मारायचो.

ईस्टरच्या आदल्या आठवड्यात राडोय आला. बेकरीचा नवा संगणकवाला, दहा वर्षं जर्मनीत काढून परतलेला. त्याने एकेक दरवाजा ठोठावला. कोणता उघडा, त्यामागे कोण बसलंय, सारं लिहून काढलं. माझ्यापाशी थबकला.

"मावशी, हा तेवीस नंबर म्हणजे चोरांना आवतणच. बंद करून टाकू?"

मावशीचा आवाज आला नाही.

"नको? बरं, राहू दे."

मला माना दिसत नाहीत. कानावर पडलं ते खरं मानलं आणि मला आकाश ठेंगणं झालं! मावशीने माझी बाजू घेतली होती. बघ रे बावीस, म्हटलं, शेवटी कोण जवळचं!

तीन दिवसांनी एक परका आला. तारेला कान लावून बसलेला असणार, कारण पासवर्ड बरोबर होता. मी आत सोडला. त्याने भट्ट्या अशा भडकवल्या, की ईस्टरचे चारशे कोझुनाक, ते गोड पाव, कोळसा झाले.

"अरे मेल्या, बंद कर म्हटलं होतं ना?" मावशी कडाडली.

"तूच मान हलवलीस की! अशी, डावी-उजवीकडे!"

"मग? आपल्याकडे अशी मान म्हणजे हो! तोंडात बनित्साचा घास होता, बोलणार कशी? जर्मनीत जाऊन मानसुद्धा विसरून आलास!"

राडोयने तिथल्या तिथे मला बंद केलं. बावीस आपलं काम करत राहिला, तेच मला जास्त झोंबलं.

तुमच्याकडे माझा कुणी भाऊबंद उघडा असेल, तर मायेत अडकू नका, लावून घ्या. जळालेल्या पावांचं मला वाईट वाटतं, खोटं नाही सांगत. पण जीव जळतो तो दुसऱ्याच गोष्टीने. मला बंद करायचं का, असं विचारल्यावर मावशी तोंडातला घास गिळायलाही थांबली नव्हती.