कंसातला उतार

आडव्या टाकीत दूध किती आहे हे काठी बुडवून कळतं, असं ज्याला वाटतं त्याने एकदा आडवी टाकी भरून बघावी. गोल पोटाची ती बया. तळाशी थोडंसं दूध ओतलं तरी काठीवर भसकन चढतं, आणि मध्यावर कॅनमागून कॅन रिकामे केले तरी ढिम्म हलत नाही. म्हणून अशा प्रत्येक टाकीसोबत एक तक्ता द्यावा लागतो : काठी इतकी ओली, तर दूध इतकं. आणि प्रत्येक टाकी वेगळी, म्हणून तक्ताही वेगळा.

टाक्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात हे तक्ते मामा करत. मामा म्हणजे मालकीणबाईंचे थोरले भाऊ, पण कारखान्यात वेल्डरपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांचेच मामा. कॅल्क्युलेटर घेऊन बसले की एकेक ओळ लिहीत जायचे, एका टाकीला आठवडा सहज जायचा. मग तो तक्ता पत्र्यावर कोरला जाई आणि त्याच्या खालच्या कोपऱ्यात, तक्ता बरोबर असल्याची खूण म्हणून, मामा स्वतःच्या हाताने आपला ठसा ठोकत. तो ठसा ते कुणाला पुसायलासुद्धा देत नसत. आता मोतीबिंदूने आकडे डोळ्यांपुढे पोहायला लागले होते, तरी तोरा कायम होता.

तो ठसा हवा होता धाकटीला. मालकीणबाईंची ही धाकटी सून लग्नाआधीपासून हिशेबात पक्की, आणि लग्नानंतर तिच्या वाट्याला काय आलं, तर बिलं टाईप करणं! तिने मामांचे तक्ते स्प्रेडशीटमध्ये करायला घेतले. पहिल्या खेपेला जुन्या टाकीची शीट कॉपी करून आकडे बदलले, आणि शीटच्या एका चौकटीत जुन्या टाकीची लांबी तशीच राहून गेली. मामांनी बरोब्बर तीच ओळ पकडली आणि ती साऱ्या कारखान्याला वाचून दाखवली. धाकटी त्या दिवशी जेवली नाही.

पण हातपाय गाळून बसणारी ती नव्हती. तिने ठरवलं, आता कॉपी बंद. एकच फंक्शन लिहायचं. कंसात टाकीचा व्यास द्या, लांबी द्या, दूध निथळावं म्हणून दिलेला उतार द्या, काठीवरच्या खुणांमधलं अंतर द्या, की अख्खा तक्ता त्याने आपला आपण मांडायचा. आकडे राहतील फक्त कंसात, दुसरीकडे कुठेही नाहीत, म्हणजे विसरायला जागाच उरणार नाही. ते लिहिताना तिने डोकं किती वेळा आपटून घेतलं ते तिच्या नवऱ्याला विचारा. शेवटी एकदाचं ते चाललं.

मामांनी तो तक्ता बघून नुसतं "हं" केलं. मग म्हणाले, "डेअरीची नवी टाकी जातेय. तिला तुझा तक्ता लाव. पास झाली तर ठसा तुझा. नापास झाली तर ते लॅपटॉपचं मशीन घरी ने आणि त्याच्यावर लग्नाचे फोटो बघत बस."

"चालेल," धाकटी म्हणाली.

तपासणीच्या दिवशी डेअरीत सगळे जमले. वजनमापे खात्याच्या तपासनीस बाई नाकावर माशी बसू न देणाऱ्या होत्या. त्यांनी मापाच्या कॅनने मोजून पाणी ओतलं, काठी बुडवली, तक्त्यावर बोट ठेवलं आणि भुवई उंचावली. आणखी पाणी ओतलं. पुन्हा काठी. पुन्हा भुवई.

"तक्ता जास्त सांगतोय," त्या म्हणाल्या. "आम्ही ओतलंय त्याहून जास्त. असा कसा पास करणार? नवीन करून आणा, पुढच्या फेरीला बघू."

धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. गेला ठसा, गेलं सगळं, आता जन्मभर बिलंच, असं तिच्या मनात आलं. डोळे भरून यायच्या बेतात होते. तेवढ्यात तिला काहीतरी खटकलं.

"बाई, थांबा ना जरा. काठी किती जास्त दाखवते? दर वेळी तेवढीच ना?"

बाईंनी आपली टिपणं बघितली. "हो, बोटभर. प्रत्येक वेळी साधारण तेवढीच."

व्यास चुकला असता तर चूक वाढत गेली असती. लांबी चुकली असती तरी तेच. दर वेळी बोटभर म्हणजे टाकी चुकली नव्हती, टाकीचं बसणं चुकलं होतं! धाकटी गर्रकन वळली ती थेट टाकी बसवणाऱ्या फिटरकडे. या फिटरला सगळे पाचर म्हणत, कारण खिशात लाकडी पाचरी घातल्याशिवाय तो घराबाहेर पडत नसे.

"पाचरभाऊ, मागचा पाय किती उचललात?"

"ठरला होता तेवढाच," पाचर म्हणाला. मग मान खाजवली. "म्हणजे, वर एक पाचर जास्त मारली. दूध तळाला राहू नये म्हणून. चांगल्यासाठीच की!"

मामांनी कपाळाला हात लावला. "अरे गाढवा, काठी पुढच्या टोकाला बुडते! मागून उचललंस की सगळं पुढे येणार. आता आठवडाभर बसा पुन्हा."

"आठवडा कशाला?" धाकटी म्हणाली. "बाई, तुमचा चहा होईपर्यंत थांबता?"

दोन्ही टोकांना पाण्याची पातळी एकच राहते म्हणून तिने पाणी भरलेली पारदर्शक नळी मागवली, एक टोक पाचरच्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं आणि टाकी खरोखर किती कलली आहे ते मोजलं. मग लॅपटॉप उघडून कंसातला उताराचा आकडा खोडला, नवा घातला, आणि एंटर दाबलं. वरपासून खालपर्यंत सगळ्या ओळी एका दमात बदलल्या. डेअरीच्या ऑफिसातून छापून तिने कागद आणला तेव्हा बाईंचा कप अजून अर्धा भरलेला होता.

बाईंनी नव्याने काठी बुडवली. तक्ता बघितला. पुन्हा ओतलं, पुन्हा बघितलं. टाकी गळ्यापर्यंत भरत आली तरी त्यांची भुवई जागची हलली नाही.

"जुळतंय," त्या म्हणाल्या. "काडीचा फरक नाही. पण इतक्या लवकर? आधीच करून आणला होतात की काय?"

धाकटीने लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला. "हे बघा. एवढी एकच ओळ आहे. बाकी सगळं तिच्यातून येतं."

बाईंनी वाकून वाचलं. कंसात चार आकडे होते. कंसाआधी फंक्शनचं नाव होतं.

"मामा?" बाई म्हणाल्या. "हे मामा कोण?"

पाचर फिसकन हसला. मामा पुढे आले, चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी नाक पडद्याला टेकेल इतकं जवळ नेलं आणि ते एवढंसं नाव बराच वेळ वाचत राहिले. धाकटीला वाटलं, रागावले. तिने घाईघाईने म्हटलं, "रीत तुमचीच आहे ना मामा. मी फक्त ती लिहून ठेवली."

मामा ताठ झाले. डोळे पाणावले होते, पण आवाज कारखान्यातलाच होता.

"मीच तो," ते तपासनीस बाईंना म्हणाले. "पूर्वी मला आठवडा लागायचा. आता एका चहात उरकतो."

बाईंनी हसत सही केली.

संध्याकाळी कारखान्यात तक्त्याचा पत्रा कोरून झाला. मामांनी खिशातून ठसा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि धाकटीच्या हातात ठेवला. ती हातोडी उचलेना, तेव्हा त्यांनी स्वतः पत्रा दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"बघतेस काय? ठोक," ते म्हणाले. "आणि जोरात ठोक. माझा ठसा नेहमी फिका यायचा."