सरकीचे कान

सरकी आमच्या घरी आली ती कापसातून. हिवाळ्यात माझे यजमान भूषण जिनिंग कारखान्यात कापसाची गाडी खाली करून घेत होते. ढिगातला कापूस ओढून घेणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी त्यांना काहीतरी हललेलं दिसलं. कापसाचाच गोळा म्हणावा, तर त्याला डोळे. त्यांनी हात घालून मांजरीचं ते पिल्लू ओढून काढलं आणि डब्याच्या पिशवीतून घरी आणलं. प्रज्वल तेव्हा माझ्या पोटात होता. खाली बसणं-उठणं जड जायचं, तरी मी तिच्याजवळ बसून बोळ्यानं दूध पाजत राहिले. नावासाठी विचार करावा लागला नाही. कापसातून निघते ती सरकीच.

आईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, तेव्हा तिच्याशी काही वाकडं नव्हतं. प्रज्वल झाला आणि सगळं बदललं.

"लेकराच्या तोंडाले दुधाचा वास येते. मांजर येऊन छातीवर बसते," त्या म्हणाल्या. "महिपत पुनवेले बाजाराले येईन. त्याच्या गोदामात उंदरं लय झाले. तो घेऊन जाईन हिले."

महिपतमामा म्हणजे आईंचे धाकटे भाऊ. मी भूषणकडे पाहिलं. ते चप्पल शोधायला लागले.

"तुमी बोला न," मी दारापर्यंत गेले.

"तू बोल. तुझं ऐकते ते."

"आई कोणाची आहे?"

"म्हणूनच तं," म्हणाले, आणि गेले कामावर.

त्याच पुनवेला भुलाबाई, म्हणजे पार्वती, बसणार होती. आमच्या गल्लीत पोरी महिनाभर तिच्यापुढे गाणी म्हणतात. बाजारातल्या मूर्ती आता साच्यातल्या, सगळ्यांचे चेहरे एकसारखे. पोळ्याला मी मातीचे बैल केले होते, ते पाहून शेजारची पूनम म्हणाली, "काकू, भुलाबाई तुमीच करा न!" मी हो म्हणून बसले. वेळ कुठून आणणार होते, देव जाणे.

वेळ मिळाला तो दुपारच्या जेवणानंतरचा. प्रज्वल झोळीत झोपायचा, आई त्याच्या बाजूला चटईवर कलंडायच्या, आणि मी मागच्या टिनाच्या खोलीत जायचे. तिथे रिकामी पोती असतात आणि एक पाट. शेतातली काळी माती भिजवून, तिच्यात रुई पिंजून घालून मळायची. रुई नसली तर आमची माती वाळताना तडकते.

पण शेजारी पिठाची चक्की आहे. ती सुरू झाली की घरातलं काही ऐकू येत नाही, आणि आईंना एकदा डोळा लागला की त्यांनाही नाही. सुरुवातीला मी सारखी उठायचे. हात धुवायचे, जाऊन पाहायचे, तो गाढ झोपलेला. परत यायचे तर माती वाळलेली आणि मनातला चेहरा गेलेला. एकदा तर भुलाबाईचं नाक करता करता दुपार संपली, आणि नाक झालंच नाही.

मग सरकीचे कान माझ्या लक्षात आले. ती माझ्या मांडीवर येऊन झोपायची. मध्येच तिचा एक कान घराकडे वळायचा, मग दुसरा, मग डोकं वर. मी आत जाऊन पाहिलं की प्रज्वल नुकता हलायला लागलेला असायचा. चक्कीच्या त्या घरघरीतून तिला तो कसा ऐकू यायचा, मला माहीत नाही. पण तेव्हापासून मी उठणं सोडलं. सरकी निजलेली आहे तोवर मी भुलाबाईची.

मांडीही मला तिनंच दाखवली. भुलाबाईच्या मांडीवर गणपती असतो. मी केलेली मांडी फळीसारखी सपाट होत होती, त्यावर बाळ ठेवलं की ठेवल्यासारखंच दिसे. एक दिवस सरकीच्या वजनानं माझं लुगडं दोन्ही गुडघ्यांमध्ये खाली गेलेलं पाहिलं, आणि अंगठ्यानं मातीतही तेवढाच खळगा दाबला. बाळ त्यात बसलं. मला इतकं बरं वाटलं की मी तिला सांगितलंसुद्धा. तिनं डोळा उघडला नाही.

पुनवेच्या सकाळी पाहते तर गणपतीची सोंड तडकून खाली पडलेली. चूक माझीच. रुईची लव दिसते म्हणून सोंडेच्या मातीत मी रुई घातलीच नव्हती. कापसाच्या गावात राहून रुईची कंजुषी!

दुपारी महिपतमामा पोतं घेऊन आले आणि ओसरीवर चहाला बसले. मी मागे नवी सोंड वळत होते, सरकी मांडीवर. दारात आई आल्या. त्या वेळेला त्या तिकडे कधी यायच्या नाहीत.

"दे इकडे. महिपत खोळंबला."

"एवढी सोंड लावू द्या आई. मग न्या."

"मांजर मांडीवर घेऊन काम करते का कोणी?"

"हात मातीत असतात. मांडी रिकामीच असते न."

त्या काही म्हणणार, तेवढ्यात सरकीचा कान वळला. मी सोंड ओल्या फडक्यात ठेवली आणि उठले.

"काऊन उठली?"

"प्रज्वल उठला."

"मले तं चक्कीच ऐकू येऊन राह्यली."

त्या माझ्या मागे आल्या. झोळी शांत होती. फक्त एक पाऊल बाहेर आलेलं. मग झोळी हलली, आणि त्यानं भोकाड पसरलं. आईंनी माझ्याकडे पाहिलं, मग मागे वळून पाहिलं. सरकी उंबऱ्याबाहेर बसली होती.

"रोज असंच?"

"रोज. तुम्ही हाकललं तेव्हापासून आत पाय टाकत नाही ती. तिथूनच पाहते."

"मले वाटे, तू आवाज ऐकून येते."

"चक्कीत कुठं ऐकू येतं आई? तिचा कान वळला की मी उठते. ती नसती तर मी कामाला बसलेच नसते." मी प्रज्वलचं बाहेर आलेलं पाऊल धरलं. "ती गेली तर बसणारही नाही."

आईंनी प्रज्वलला उचलून खांद्यावर घेतलं. थोपटत राहिल्या. ओसरीवरून मामांनी हाक मारली, "अक्का, पोतं आणू का?"

"कायले?"

"अवो, मांजरीले!"

"राहू दे तिले. घरीच लागते."

"मंग माह्या गोदामातले उंदरं?"

"तुये दोन पोरं दिवसभर मोबाइल धरून बसतात. त्याइले बसव राखण."

"म्हणजे माह्ये पोरं मांजरीच्याही खाली गेले!" मामा हसले, आणि पोतं घडी करून बगलेत मारून बाजाराला निघाले.

आई माझ्याकडे वळल्या. "उंबऱ्याच्या आत यायचं नाही, सांगून ठेव तिले."

"सांगते."

"अन जाय आता, माती वाळून जाईन. याले मी पाहते."

सोंड लागली, पण वाळायला ऊन उरलं नव्हतं. संध्याकाळी पोरी टिपऱ्या घेऊन आल्या. पूनमनं कोणाचं लक्ष नाही पाहून गणपतीला बोट लावलंच.

"काकू, हे तं ओलं आहे अजून!"

"मग आज टिपऱ्या हळू वाजवा," मी म्हणाले.