एका तासावरचे पुणे

मी एक जुना ताणकाटा आहे. ढाणकी गावच्या सदाशिवरावांच्या ओसरीत खुंटीला टांगलेला असतो. मित्रांनो, माझ्या तोंडावरचे आकडे आता पुसट झाले आहेत, पण वजनाच्या बाबतीत मी कधी कोणाची भीड धरली नाही. कापूस वेचणाऱ्या बायांची गाठोडी वावरात माझ्याच आकड्याला लागत. मजुरी वजनावर, म्हणून सदाशिवराव खालून हळूच बोट लावतात का, यावर वेचणाऱ्यांतली मानीबाई डोळा ठेवून असे. ते दिवस मानाचे होते.

पुढे नवा बटणांचा काटा आला आणि मी खुंटीला लागलो. मला पुन्हा खाली उतरवले ते विमानाने. सदाशिवरावांची लेक सलोनी पुण्याला नोकरी करते. नांदेडहून पुण्याला विमान सुरू झाले. त्यात ठरावीक वजनाचीच बॅग चालते, म्हणून माझी आठवण झाली.

"पुणं म्हंजे एका तासावर, राजेहो!" सदाशिवराव चौकात सांगत सुटले. हवेतून जेमतेम चारशे किलोमीटर, खरेच आहे. पण त्या एका तासात ढाणकी-नांदेड रस्ता नव्हता, विमानतळावरचे ताटकळणे नव्हते, पुण्याची गर्दी नव्हती. माणसे हिशेबात सोयीचे तेवढेच धरतात. सलोनी पूर्वी रात्रभर बसने यायची आणि एवढ्या लांबून आले म्हणून आठ दिवस राहायची. अंतर घटले तसे तिचे येणेही घटले. कधीही येता येते म्हटल्यावर घाई कशाची?

यंदा मात्र सलोनीच्या आईने, इंदुताईंनी, हट्टच धरला. त्यांचे गुडघे थकले. पुढल्या सालापासून वावर बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, दुसऱ्याकडे जाणार, तेव्हा घरची सीतादही यंदा शेवटची. कापूस वेचायच्या आधी वावरात दहीभाताचा नैवेद्य दाखवतात. त्यानंतरची पहिली बोंडे या घरी लेकीने वेचायची.

"आदल्या दिवशीच ये वं माय," इंदुताई फोनवर म्हणाल्या.

"कायले गं आई? एका तासाचा तर रस्ता आहे. त्याच सकाळी येते."

त्या सकाळचे विमान दुपारवर ढकलले गेले. वावरात बाया खोळंबल्या, ऊन चढले.

"ताई, तास विमानाले लागते, पोरीले दिवस लागते," मानीबाईने टोमणा मारला. पण इंदुताईंचे डोळे भरलेले दिसताच तिनेच त्यांना हात धरून कपाशीच्या ओळीपर्यंत नेले. पहिली बोंडे इंदुताईंनीच वेचली.

सलोनी दिवेलागणीला पोहोचली. आईच्या गळ्यात पडून रडली, रुसवा काढला, आणि दुसऱ्या सकाळी परतीची बॅग माझ्या आकड्याला लागली. वजन जास्त भरले. तुरीची डाळ निघाली, लोणचे निघाले. बाहेर गाडीवाला हॉर्न देत होता. तेव्हा इंदुताईंनी कालच्या कापसाचे छोटे गाठोडे पुढे केले.

"हे तरी ने. याले वजन नाही."

त्यांनी ते मला अडकवून दाखवले. माझा काटा हललाही नाही.

"वजन नाही गं, पण जागा कुठं आहे? पुढच्या वेळी नेते. एका तासावर तर आहे मी."

मित्रांनो, घरचे अंतर विमानाच्या तासांत मोजू नका. निघण्याचा दिवस आधी ठरवा. ते गाठोडे अजून माझ्याच आकड्याला आहे. इंदुताई येता-जाता त्यावरची धूळ झटकतात, आणि मी शून्यच दाखवत राहतो.