वेंडेलने केलेला बिल्ला

मित्रांनो, मी एक जुना बिल्ला आहे, असं सांगायला मला शिकवलं होतं. पण ते खरं नाही. मी जुना नाही, मला जुना केलेला आहे.

मोटारीचं बॉनेट उघडलं की आत एका कडेला पत्र्याचा लहानसा बिल्ला दिसतो. इंजिन कोणतं, रंग कोणता, आसनं कसली, हे सगळं कारखान्यातच त्याच्यावर ठोकलेलं असतं. थोडक्यात, तो गाडीचा जन्मदाखला. मीही असाच एक दाखला आहे, फक्त गाडीच्या जन्मानंतर बत्तीस वर्षांनी लिहिलेला.

मिशिगनमधल्या एका कारखान्याच्या गावात वेंडेल प्रुइट नावाचा फिटर राहत असे. त्याने आणि त्याच्या बायकोने, अर्माने, तरुणपणी एक हिरवी गाडी घेतली होती. साधी, लहान इंजिनाची, बाजारहाट करायची गाडी. अर्मा गेली आणि वेंडेलला घर खायला उठलं. मग त्याने त्या गाडीत मोठं इंजिन बसवलं, तिला लाल रंग दिला आणि दर शुक्रवारी संध्याकाळी तो ती रूट बिअर नावाच्या गोड सरबताच्या टपरीसमोर नेऊ लागला. तिथे दांडग्या इंजिनांच्या जुन्या गाड्यांचे मालक बॉनेट उघडी ठेवून घडीच्या खुर्च्यांवर बसत. येणारे-जाणारे थांबत, वाकून बघत, गप्पा मारत.

वेंडेलपाशी मात्र कोणी थांबत नसे. लोक वाकत, कारखान्याच्या बिल्ल्यावर लहान इंजिन, हिरवा रंग असं वाचत आणि म्हणत, "अच्छा, साधीच आहे होय." तो खुर्ची घडी करून घरी येई आणि एकट्यापुरतं सूप गरम करी.

एका हिवाळ्यात त्याने तळघरात मला घडवलं. एकेक अक्षर हातोडीने ठोकलं. मला मीठ घातलेल्या व्हिनेगरमध्ये बुडवलं, दोन आठवडे टोमॅटोच्या वाफ्यात पुरलं, वर काढून पायमोज्याने पुसलं. माझ्यावर लिहिलं होतं: इंजिन मोठं, रंग लाल. पुढच्या शुक्रवारी एक माणूस वाकला, वाचू लागला आणि थांबला. त्याच्यामागून दुसरा आला. वेंडेलचे कान लाल झाले, पण तो बोलू लागला. आठ उन्हाळे तो बोलत होता. मित्रांनो, खोटं सांगण्याचं मला फार वाईट वाटे, पण त्याला हसताना बघून मी गप्प राहिलो.

मग वेंडेल गेला. त्याच्या मुलीने, लोर्नाने, गाडी विकायला काढली. वडील जे सांगत, तेच तिने जाहिरातीत लिहिलं.

शनिवारी सकाळी कॅझिमिर आणि बर्नडीन हे म्हातारं जोडपं गाडी बघायला आलं. कॅझिमिर बघताक्षणी पाघळला.

"बर्नी, हीच. हीच घ्यायची."

"तू माझ्या बहिणीच्या लग्नातही एका गाडीबद्दल हेच म्हणाला होतास," बर्नडीन म्हणाली. "तिला दार नव्हतं. बाजूला हो, मला बघू दे."

तिने चष्मा लावला आणि माझ्यावर वाकली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं माझं झालं. तिने माझ्या अक्षरांवरून नख फिरवलं. यंत्राने ठोकलेली अक्षरं एका ओळीत उभी असतात, माझी थोडी झिंगलेली आहेत. मग तिने पर्समधून लहान पेचकस काढला.

"चालेल ना गं?" तिने लोर्नाला विचारलं आणि माझा एक स्क्रू सोडवला. माझ्याखाली लाल रंग कोरा चकचकीत होता.

"बिल्ला रंगाच्या आधी बसतो," ती म्हणाली. "रंगाचे शिंतोडे त्याच्यावर असायला हवेत. इथे रंग याच्याखाली आहे. आणि हा कोपरा बघ, कसा सरळ आहे. अकरा वर्षं मी कारखान्याच्या लाइनवर उभी राहून हे बिल्ले लावलेत. खाली फवारा पोचावा म्हणून प्रत्येकाचा डावा कोपरा अंगठ्याने वाकवायचे. वाकल्याची घडी कधी जात नाही, पोरी. हा कधी वाकलेलाच नाही."

ती मागे गेली आणि डिकीतली रबरी चटई उचलून दाखवली. खाली हिरवा रंग होता. माझं पितळ उघडं पडलं.

लोर्नाचा चेहरा पडला. "माझे बाबा खोटारडे नव्हते," ती हळूच म्हणाली. "तुम्हाला गाडी नको असेल तर तसं सांगा. त्यांना नावं ठेवू नका."

मला बोलता आलं असतं तर मी तेव्हाच सगळं सांगून टाकलं असतं.

बर्नडीनने मला हातात धरून उलटंसुलटं केलं. "हाताचं काम फिटरचं दिसतंय. फिटर होते ना ते?"

"हो."

"मग जुना बिल्ला फेकला नसणार. फिटर माणूस वाकडा खिळासुद्धा फेकत नाही, आणि गाडीची वस्तू गाडीतच ठेवतो. कॅझ, तुझे हात लांब आहेत. डॅशबोर्डच्या कप्प्यामागे चाचपून बघ."

कॅझिमिर कण्हत-कुथत आत वाकला आणि फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन बाहेर आला. आत खरा बिल्ला होता, हिरव्या शिंतोड्यांचा, डाव्या कोपऱ्यात घडी पडलेला. सोबत पुठ्ठ्याचा तुकडा होता. लोर्नाने तो मोठ्याने वाचला.

"लोर्ना, गाडी विकशील तेव्हा हा लाव. गाडीवरचा मी केलेला आहे. घेणाऱ्याला फसवू नकोस. मला लाज वाटत होती, पण शुक्रवार छान गेले."

ती पुठ्ठा छातीशी धरून रडली. "मी कधी गेलेच नाही त्यांच्याबरोबर," ती म्हणाली. "दर शुक्रवारी विचारायचे."

बर्नडीनने खरा बिल्ला जागेवर लावला आणि सवयीने त्याच्या कोपऱ्यावर अंगठा ठेवला. कॅझिमिर गाडीकडे आशेने बघत होता.

"ही विकायची नाहीये रे," बर्नडीन त्याला म्हणाली. लोर्नाने होकारार्थी मान डोलावली.

आता दर शुक्रवारी त्या टपरीसमोर लोर्ना खुर्ची टाकते. शेजारी ते दोघं बसतात. गाडीवर खरा बिल्ला आहे आणि मी समोरच्या लहान टेबलावर. लोक थांबतात. बर्नडीन मला त्यांच्या हातात देते आणि खोटा कसा ओळखायचा ते शिकवते: अक्षरांची ओळ बघा, रंग वर आहे की खाली ते बघा, कोपरा चाचपा, चटईखाली डोकावा.

मित्रांनो, जुनी वस्तू घेताना घाई करू नका, वाकून नीट बघा. पण तुमच्या घरी कोणी दर शुक्रवारी "येतेस का?" म्हणून विचारत असेल, तर आधी त्याच्याबरोबर जा.

काल एका मुलीने मला उचलून विचारलं, "हा खोटा आहे ना?"

"हो," लोर्ना म्हणाली. "माझ्या बाबांनी हाताने केलाय."

माझ्याबद्दल इतकं खरं आजवर कोणी बोललं नव्हतं.