वर केलेलं नाक

आमच्या डोंगरावरच्या गावात वर्षभराची भांडणं नाताळला मिटतात. चर्चमधली मिस्सा आटोपली की बैलांच्या झुंजीच्या रिंगणात उतरायचं, मुठींना कापड गुंडाळून एकमेकांना हाणायचं आणि शेवटी मिठी मारून मोकळं व्हायचं. यंदा माझेच दोघे भाऊ उतरले. गारा पडून रिंगणात चिखल झाला होता.

गेल्या हंगामात पाऊस लांबला. धाकट्या वेन्सेस्लाओनं दारूच्या भरात पाटाचं पाणी स्वतःकडे वळवलं आणि थोरल्या मेलिटोनचे बटाटे करपले. मेलिटोननं त्याला नाही नाही त्या शिव्या घातल्या. पुढं धाकट्यानं दारू सोडली, नव्या प्रार्थनाघरात जाऊ लागला. मला बरं वाटलं. पण थोरला वाटेत दिसला, की हा बायबल काखेत धरून म्हणायचा, तू दिलेल्या शिव्या मी माफ केल्या. पाणी वळवल्याचं नाव नाही. मेलिटोनचं डोकं फिरलं ते तेव्हापासून.

रिंगणात वेन्सेस्लाओनं हात वर केलेच नाहीत.

"मार, दादा. प्रभूनं दुसरा गाल पुढं करायला सांगितलंय."

मेलिटोननं मारलं. ओठ फाटला. दुसऱ्या ठोशाला नाक मोडल्याचा आवाज कुंपणापर्यंत आला. ही कसली मारामारी, म्हणून लोक चिडले. धाकटा रक्त गिळत म्हणाला, "हे बी माफ केलं."

मग थोरल्याला काही सुधरेना. त्यानं पोटात लाथ घातली, गळा धरला. आवरायला आलेल्या पंचाचा चाबूक पाठीवर पडत होता, तरी सोडेना. आज एक भाऊ मरणार आणि दुसरा तुरुंगात जाणार, हे मला दिसलं. मी कुंपणावरून उडी टाकली.

"वेन्स्या, तू गाल न्हाई पुढं केलास, नाक वर केलंस. पाणी कुणी तोडलं, ते सांग त्याला."

मेलिटोनची पकड सैल झाली. धाकटा गुडघ्यांवर आला. तुटलेला दात चिखलात थुंकला.

"म्या तोडलं," तो म्हणाला. "प्यालो नव्हतो, दादा. शुद्धीत व्हतो. तुझं पीक बघवत नव्हतं मला. माफ कर."

हे मलाही ठाऊक नव्हतं. मेलिटोननं आणखी एक ठोसा मारला, तोही जोरातच. मग त्याला उचलून छातीशी धरलं आणि रडला.

"बघू," म्हणाला. पण मिठी काही सोडली नाही.